पॉली स्टायरीन आणि माझा राणी रंग

परवा ऑफिसच्या पार्टीला राणी रंगाची इरकल नेसून गेले, तर एक बाई हसून म्हणाली, "फारच भडक आहे, नाही?" लागलंच मला ते. लंडनच्या ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, डबाभर काळे-करडे कोट घालणाऱ्यांनी हे म्हणावं? मीही रोज काळाच कोट घालते, पण तो इथल्या पावसापायी.

याच लंडननं पॉली स्टायरीन ही पंक गायिका दिली, हे त्या बाईच्या गावीही नसावं.

पंक, म्हणजे सत्तरच्या दशकातलं बंडखोर रॉक संगीत, म्हटलं की आपल्याकडे सेक्स पिस्टल्स हा बँड, काळं लेदर आणि सेफ्टी पिना एवढंच पोचलं. पॉली त्याच काळातली. आई गोरी, वडील सोमाली, लहानपण ब्रिक्स्टनमध्ये. १९७६ साली, एकोणिसाव्या वाढदिवशी तिनं पिस्टल्सना ऐकलं आणि पेपरात जाहिरात देऊन एक्स-रे स्पेक्स हा बँड उभा केला. गिटारला भिडणारा सॅक्सोफोन आणि वर हिचा टिपेचा आवाज. १९७७च्या पहिल्याच गाण्यात मुलींनी गप्प बसावं असं काहींना वाटतं, एवढं ती गोड आवाजात सांगते आणि लगेच अशी आरोळी ठोकते की अंगावर काटा येतो.

किंग्ज रोडच्या ब्यूफोर्ट मार्केटमध्ये तिचा कपड्यांचा स्टॉल होता. प्लास्टिकचे दागिने, हायलाइटरसारखे पिवळे-गुलाबी रंग, कधी डोक्यावर सैनिकी हेल्मेट. आणि दातांना ब्रेसेस! त्या तारा दाखवत ती तोंडभर हसायची. माझी लेक ब्रेसेस लागल्यापासून फोटोत ओठ घट्ट मिटून उभी राहते. तिला मुद्दाम पॉलीचे व्हिडिओ दाखवले. काही बोलली नाही, पण रात्री खोलीतून तोच सॅक्सोफोन ऐकू आला.

रंगाचं धाडस आपल्याला कुणी शिकवायला नको. आपल्या मांडवात पोपटी, राणी, हळदी शेजारीशेजारी सुखानं बसतात. पण सावळ्या, तारा लावलेल्या मुलीला आपण माईक दिला असता? मला शंका आहे.

नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या रायट गर्ल या स्त्रीवादी पंक चळवळीच्या बँडमधल्या मुलींनी तिच्याकडूनच बळ घेतलं. ती स्वतः मात्र ऐंशीच्या दशकात इस्कॉनमध्ये गेली, वॉटफर्डजवळच्या भक्तिवेदान्त मॅनर या त्यांच्या कृष्णमंदिरात राहिली. २०११ मध्ये, ५३व्या वर्षी कर्करोगानं गेली. जन्माष्टमीला आपली पुण्या-मुंबईची मंडळी त्याच मॅनरमध्ये रांगा लावतात. ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांतल्या कुणालाच तिचं नाव ठाऊक नव्हतं. यंदा जाणार असाल तर गाडीत 'जर्मफ्री अ‍ॅडोलेसन्ट्स' लावा, १९७८चा अल्बम आहे. आवाज मोठा ठेवा.