सीटी स्कॅन नॉर्मल, तरी कान वाजतोय?

मुंबई-आग्रा महामार्गावर गाडी घसरते, डोकं आपटतं, मेंदूचा सीटी स्कॅन नॉर्मल येतो आणि पेशंट घरी जातो. चार दिवसांनी रात्री सगळं सामसूम झालं की एका कानात शीळ सुरू. घरचे म्हणतात, ‘रिपोर्ट चांगलाय ना, मग मनाचे खेळ असतील.’ पण तो रिपोर्ट मेंदूचा, कानाचा नव्हे. मेंदूच्या सीटीत काप (चित्रांचे थर) बऱ्याचदा 5 मिलिमीटर जाडीचे पाहिले जातात. कानातलं रिकीब हे हाड जेमतेम 3 मिलिमीटरचं. हाडाला इजा झाल्याचा संशय असेल तर 1 मिलिमीटरहून पातळ कापांचा, फक्त कानाच्या हाडाचा एचआरसीटी (जास्त बारकाईचा सीटी) लागतो.

कानाच्या पडद्यामागे रक्त साठलं तर दडा बसतो. तो बहुधा काही आठवड्यांत सुटतो. ऐरण (रिकिबीला जोडलेलं कानातलं दुसरं हाड) आणि रिकीब यांचा सांधा निखळला तर मात्र ऐकू कमीच येत राहतं, ऑपरेशनने तो जुळवता येतो. तिसरा प्रकार फसवा. हाड शाबूत, पडदा शाबूत, पण हादऱ्याने आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी मेलेल्या. त्या पुन्हा उगवत नाहीत. ऑडिओग्रामची (ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखाची) रेघ बऱ्याचदा 4000 हर्ट्झपाशी, म्हणजे उंच आवाजांपाशी, खाली कोसळते, आणि तुटलेल्या संदेशाची जागा मेंदू स्वतःच्या आवाजाने भरतो, असं मानलं जातं. तीच ती शीळ.

512 हर्ट्झचा चिमटा (ट्यूनिंग फोर्क) वाजवून कपाळावर टेकवला की अर्धा उलगडा तिथेच होतो: आवाज दुखऱ्या कानात जोरात आला तर बिघाड पडद्यात किंवा हाडांत, चांगल्या कानात गेला तर आतल्या कानात किंवा नसेत.

कानातून पाण्यासारखं गळणं, कानामागे निळा डाग, तोंड वाकडं होणं, नाडीच्या ठेक्यावर धडधडणारा आवाज: यातलं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल. ऐकू अचानक गेलं असेल तर पहिल्या दोन आठवड्यांतच स्टेरॉइडचा विचार होतो. लसणाचं तेल कानात टाकू नका (हा सल्ला प्रत्येक घरात कुणीतरी देतंच). पडद्याला भोक असेल तर ते थेट आत उतरतं.

झोपताना पूर्ण शांतता नको, पंखा चालू ठेवा. नाशिक ढोल सुरू असेल तिथे काही महिने जवळ थांबू नका. ऑडिओग्रामची प्रत फायलीत जपा. तीन महिन्यांनी दुसरा काढला की तो ताडून पाहायला तीच लागते.