पहिली बोली अक्कांची

मे महिन्यातला दुसरा रविवार म्हणजे मातृदिन. त्या दिवशी आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, बायबलातल्या नीतिसूत्रांचा 31 वा अध्याय वाचला जाणार हे ठरलेलंच. सद्गुणी स्त्री कोणाला प्राप्त होते, तिचं मोल मोत्यांहून अधिक. मग पोरं एकेक गुलाब घेऊन आपापल्या आया शोधत बाकांमधून हिंडणार आणि पुरुष मंडळी त्या एका दिवसापुरता चहा करणार. चहा हमखास गोडमिट्ट. अक्का घोटभर घ्यायच्या आणि म्हणायच्या, "असू दे, वर्षातनं एकदाच असतोय."

अक्कांच्या अंत्यविधीलाही हाच अध्याय वाचला. वाचायला हवाच होता, पण त्यातली बाई शेत पारखून विकत घेते. आमच्या अक्का दुधी न बघताच घ्यायच्या.

दिवाळी आटोपली आणि गुऱ्हाळं पेटली की आमच्याकडे हंगामाचा सण येतो. आदल्या संध्याकाळपासून वेदीपुढं ऊस, भाताच्या लोंब्या, भुईमुगाचे वेल, गुळाची ढेप असं सगळं मांडलेलं असतं. कोडोलीकडचे पाहुणे एखादा कोंबडा आणतात. तो पाय बांधून बाहेर ठेवला तरी नेमका प्रार्थनेच्या वेळी आरवतो. उपासना झाली की अंगणात लिलाव. आलेलं अर्पण बोली लावून विकायचं आणि पैसा मंडळीच्या कामाला द्यायचा. ढेपेला, कोंबड्याला चढाओढ असतेच. दोन दोस्त एकमेकांना चिडवत भाव वाढवत नेतात, कोंबडा बाजाराच्या तिप्पट भावानं जातो आणि सगळे टाळ्या पिटतात.

अडचण व्हायची ती बारक्या वस्तूंची. एका वर्षी एका बाईनं भुसा भरलेल्या डब्यातून तीन अंडी आणि एक दुधी आणला होता. नवरा अंथरुणाला खिळलेला, घरात दुसरं काही नसणार. लिलाव करणाऱ्या काकांनी दुधी वर धरला. "बोला!" कुणी बोलेना. लोक शेंगा फोडत गप्पा मारत होते. ती बाई भिंतीला टेकून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तेवढ्यात स्वयंपाकाच्या बाजूनं, हात पिठात असतानाच, अक्कांनी हाळी दिली, "पन्नास!" काकांनाच कळेना, दुधी कुठला आणि पन्नास कुठले. मग अक्कांनी पुढच्या रांगेतल्या दोघा-तिघा नोकरदार पोरांकडं असं काही बघितलं की साठ आले, ऐंशी आले. शेवटी शंभराला "एकवार, दोनवार, तीनवार" झालं आणि दुधी अक्कांच्याच पिशवीत गेला.

इथवर कुणीही चांगला माणूस करेल. मला मोठं वाटतं ते पुढचं. पुढच्या रविवारी त्या बाईला गाठून अक्का म्हणाल्या, "दुधी कोवळा होता गं तुझा. बियासुद्धा काढायला लागल्या नाहीत. कुठल्या वेलाचा?" ती बाई अर्धा तास वेलाबद्दल बोलत होती. शंभर रुपयांचा विषय दोघींपैकी कुणी काढला नाही.

दरवर्षी असंच. ज्या वस्तूला कुणी विचारत नाही तिची पहिली बोली अक्कांची. दाजी एसटीत कंडक्टर, पगार बेताचा, घरात तीन मुलं. महिना कसा भागायचा ते अक्कांना आणि देवालाच ठाऊक. दाजी मात्र कधी कुरकुरले नाहीत. "आमच्यात तिकीट मी फाडतो, बस ही चालवती," एवढंच म्हणायचे.

दाजींची रविवारी हटकून ड्यूटी लागायची. रात्री ते जेवायला बसले की अक्का सकाळचा संदेश, म्हणजे उपासनेतलं प्रवचन, सांगायच्या, तोही तीन वाक्यांत. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, त्याला चाळीस मिनिटं घेतलेली असायची. दाजी कुठंही बोलून दाखवायचे की साहेबांनी हिच्याकडं शिकवणी लावावी. ही गोष्ट पाळकसाहेबांच्या कानावर गेली आणि तेही हसले, पण संदेश काही आटोपता झाला नाही.

नाताळाआधीच्या पाठांतर स्पर्धेतही अक्कांची एक जागा होती, बाजूच्या खांबाजवळची. अमेरिकन मिशनरी वायल्डरसाहेब 1852 साली कोल्हापुरात आले, तिथपासूनच्या मिशन शाळांची पुण्याई म्हणा. अक्कांची आजीसुद्धा वाचायला शिकलेली होती आणि स्तोत्रं त्यांना तिच्या मांडीवरच पाठ झालेली. तेविसाव्या स्तोत्रात पोरं "मृत्युच्छायेच्या"पाशी हटकून अडतात. पोरगं अडलं की खांबाजवळून अक्कांचे ओठ हलायचे. पोर त्यांचं असो की दुसऱ्याचं. परीक्षक बघून न बघितल्यासारखं करायचे. त्यांच्या स्वतःच्या थोरल्याला मात्र एकदाही बक्षीस मिळालं नाही. तो आईच्या ओठांकडं बघायलाच लाजायचा.

अक्का गोड गोड नव्हत्या, हेही सांगायला हवं. ताटात उष्टं टाकणाऱ्याला चारचौघांत झापायच्या. आवाज घोगरा, तरी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं सगळ्यांच्या वरच्या पट्टीत. पेटीवाला बिचारा सूर शोधत मागं यायचा.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी बायकांचा जागतिक प्रार्थना दिन असतो. त्याची उपासना दरवर्षी वेगळ्या देशातल्या बायका लिहितात. तो देश अक्का आधी नातवाच्या नकाशात शोधून ठेवायच्या. 2018 साली सुरीनाम होतं. तिथं आपल्याकडून मजूर म्हणून गेलेल्यांचे वंशज राहतात हे कळल्यावर त्यांनी प्रार्थनेत "आमची तिकडं गेलेली माणसं" असं म्हणून टाकलं. 2020 ला झिंबाब्वे. विषय होता, ऊठ, आपली बाज उचलून चालू लाग. अक्कांचे गुडघे तेव्हा पार गेलेले. खुर्चीतनं उठवायला आम्ही दोघी पुढं झालो तर म्हणाल्या, "उठते की. पण बाज तेवढी तुम्ही उचला." पुढं पंधरा-वीस दिवसांत सगळं बंद झालं. त्यानंतर अक्का कुठल्या मेळाव्याला आल्या नाहीत.

आता मंडळीत एक विचार चालू आहे. लिलावात वेळ फार जातो, गोंगाट होतो, तर वस्तू नुसत्या मांडाव्यात आणि भिंतीला क्यूआर कोड लावून ज्याला जे द्यायचं ते देऊ द्यावं. सूचना करणारी पोरं मनानं चांगली आहेत, हिशेबही चोख ठेवतील. पण कोड पहिली बोली लावत नाही. भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या बाईकडं तो बघतही नाही. आम्ही पाच-सहा जणींनी लिलाव ठेवावा असं लेखी दिलंय. बैठक पुढच्या रविवारी, उपासनेनंतर. दाजीही येणार आहेत. आता त्यांना रविवारची ड्यूटी नाही.