आमची वाटचाल : उभ्या गाड्यांचा धंदा

आमचा पहिला ट्रक आम्ही मीटर बघून घेतला. लष्कराच्या लिलावातला अमेरिकी बनावटीचा एम-३५ए२, अडीच टनी, पुढच्या ॲक्सललाही ड्राइव्ह असलेला. मीटरवर ६,२०० मैल. एवढ्यात तर साध्या ट्रकचा क्लचसुद्धा बसत नाही, असं भाऊ म्हणाला आणि मी मान डोलावली. भाऊ फिटर, मी तोवर बेअरिंगच्या काउंटरवर नोकरी करणारा. दोघांच्या डोक्यात बेत एकच होता. ट्रक अख्खा विकायचा नाही, खोलायचा. गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलना वाटणारी पेटी), तिन्ही ॲक्सल आणि ती ताकद ॲक्सलपर्यंत नेणारे प्रॉपेलर शाफ्ट सुटे विकायचे, उरलेला सांगाडा भंगारात घालायचा.

मागचा ॲक्सल सगळ्यात आधी गेला. आम्ही त्याला तारेचा ब्रश मारला, रंगाचा एक हात दिला आणि ‘कमी चाललेला’ म्हणून विकला. उघडून बघितला नाही. तीन आठवड्यांनी तो परत आला. गिऱ्हाईक भांडलंही नाही, ‘हाताने फिरवून बघा’ एवढंच म्हणालं. फिरवला. आत कोणी वाळू टाकल्यासारखा आवाज आला.

वरचे बोल्ट सोडून डिफरन्शियल, म्हणजे ॲक्सलमधला गिअरांचा गोळा, उचललं तर मोठ्या गिअरवर आडवी रेघ होती, पूर ओसरल्यावर भिंतीवर राहते तशी. रेघेखालचे दाते तेलात बुडालेले, आरशासारखे. रेघेच्या वर तांबूस गंज, बोटाला खरखरीत लागणारा. गाडी कित्येक वर्षं एका जागी उभी होती. दिवसा हाउसिंग तापायचं, रात्री गार व्हायचं, गार होताना ब्रीदरमधून, म्हणजे हवेच्या बारीक भोकातून, ओली हवा आत ओढायचं. ती ओल आतल्या बाजूला धरायची. तेलाखालचं वाचलं, तेलावरचं गंजानं खाल्लं.

त्यात या ॲक्सलची रचना अशी की पिनियन, म्हणजे शाफ्टवरचा छोटा गिअर, आणि त्याची बेअरिंगं वरच्या बाजूला असतात. गाडी चालू असताना काही अडत नाही, फिरणारा गिअर तेल वर फेकत राहतो. गाडी उभी राहिली की तीच बेअरिंगं आधी कोरडी पडतात. कमी मैल म्हणून आम्ही जे मिरवत होतो, त्याचा दुसरा अर्थ ‘जास्त वर्षं उभी’ असा होता. पैसे परत केले. तो गिअर अजून आमच्या कामाच्या टेबलाखाली आहे.

मीटरबद्दलचं उरलंसुरलं प्रेम दुसऱ्या ट्रकने घालवलं. लष्कराच्या डेपोत गाडी रिबिल्ड झाली की डॅशबोर्डवर तशी वेगळी पट्टी ठोकतात, आणि मीटर तिथून पुन्हा शून्यापासून मोजायला लागलेला असू शकतो. आम्ही ती पट्टी गाडीची शोभा समजून पुसून ठेवली होती. वाचली नव्हती.

हा ॲक्सल लोकांना इतका का हवा असतो, ते सांगतो, कारण आमचं घर त्याच्यावर चाललंय. यात रिडक्शन, म्हणजे फेरे कमी करणं, दोन टप्प्यांत होतं. आधी पिनियन आणि त्याने फिरणारा क्राउन गिअर, मग हेलिकल, म्हणजे तिरप्या दात्यांच्या, गिअरची जोडी. मिळून ६.७२ला १. म्हणजे प्रॉपेलर शाफ्टचे पावणेसात फेरे, तेव्हा चाकाचा एक. रस्त्यावर गाडी रखडते, पण मोठे टायर घालून दगडधोंड्यांतून चढायचं असेल तर हेच हवं असतं. शिवाय पिनियन वर असल्याने प्रॉपेलर शाफ्ट उंचावरून जातो, दगडाला लागत नाही. पिनियनचा शाफ्ट आरपार असतो, म्हणून मधल्या ॲक्सलमधूनच मागच्याला ड्राइव्ह जातो. दगडावर चढणाऱ्या गाड्या बांधणारे त्याच आरपार टोकावर डिस्क बसवून ब्रेक करतात. ही युक्ती आमची नाही, गिऱ्हाइकांनी आम्हाला शिकवली.

वजनाचं मात्र कोणी आधी सांगितलं नाही. ड्रम आणि हबसकट एक ॲक्सल अर्ध्या टनाच्या आसपास जातो. पहिलं वर्ष आम्ही एका चेनपुलीवर आणि टेकू द्यायच्या दोन लोखंडी घोड्यांवर काढलं. भावाच्या कमरेचा पट्टा त्या वर्षीचा आहे.

चाकाच्या नटांचा किस्सा आमच्याकडे नव्या पोराला पहिल्याच दिवशी ऐकवतात. एम-३५च्या डाव्या बाजूचे नट उलट्या आट्यांचे असतात. उजवीकडची चाकं खोलून झाली, डावीकडे आलो, नट हलेना. पाइप लावून पाना लांब केला, तरी हलेना. मग मी आणि भाऊ दोघं पाइपवर उभे राहिलो. नट ‘सुटला’, तो स्टडसकट, म्हणजे ज्यावर तो बसतो त्या आट्यांच्या दांड्यासकट. असे तीन स्टड तोडल्यावर मिस्त्रीने कॉटन वेस्टने चौथ्या स्टडचं टोक पुसलं. त्यावर ‘एल’ असा ठसा होता. आम्ही सगळा वेळ नट आवळत होतो.

मिस्त्री तेव्हा नुकते लागले होते आणि आमच्याकडे टिकतील असं मला वाटत नव्हतं. आजही तेच आहेत. आमच्या कामाला जी काही शिस्त आहे ती त्यांची. कुठलाही गिअरबॉक्स किंवा ॲक्सल आला की आधी तेल पांढऱ्या ट्रेमध्ये काढायचं. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. तेलात लोहचुंबक फिरवायचा. लोण्यासारखा काळा लगदा चिकटला तर ती नेहमीची झीज, चमकणारे कण चिकटले तर बेअरिंग किंवा दाता सुटतोय. मग कॅरिअर, म्हणजे डिफरन्शियलचा तो गोळा, उचलायचं, दाते धुवायचे आणि मार्किंगचा रंग लावून कुठे टेकतात ते बघायचं. डायल गेज लावून बॅकलॅश, म्हणजे दात्यांमधली मोकळीक, मोजायचा. बेअरिंगच्या बाहेरच्या कपावर रोलरच्या अंतराने बारीक आडव्या रेघा दिसल्या तर बेअरिंग फेकायचं, मग ते कितीही चकचकीत असो.

या रेघांवरून आमचा बराच वाद झाला होता. गाडी फिरलीच नाही तर बेअरिंगवर घाव कसले? काउंटरवर इतकी वर्षं घालवूनही मला उत्तर सुचेना. ते नंतर कळलं. उभी गाडी रेल्वेने किंवा जहाजाने नेताना सतत थरथरते. रोलर जागच्या जागी घासतात, मधलं ग्रीस बाजूला सरतं आणि प्रत्येक रोलर आपली जागा कोरत बसतो. अशी गाडी दुसऱ्याच्या पाठीवर बसून झिजते.

ट्रान्स्फर केसने आम्हाला सगळ्यात जास्त छळलं. जुन्या प्रकारात पुढच्या ॲक्सलचा ड्राइव्ह स्प्रॅग क्लचवर, म्हणजे एकाच दिशेने पकड घेणाऱ्या क्लचवर, असतो. मागची चाकं घसरू लागली की तो आपोआप पकडतो, ड्रायव्हरला काही करावं लागत नाही. कल्पना सुंदर आहे, पण तिच्या दोन अटी आहेत. पुढचे आणि मागचे टायर एकाच मापाचे हवेत, आणि गाडी पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्स टाकायचा नाही. घाईत गाडी मागेपुढे घेणाऱ्या हातांनी हे स्प्रॅग किती मोडले असतील! नंतरच्या प्रकारात हेच काम हवेच्या दाबाने, स्विचवर होतं. गिऱ्हाईक बाहेरून बघून दोन्ही ‘सेमच आहेत ना’ म्हणतं. आम्ही स्प्रॅगवाली केस उघडल्याशिवाय विकत नाही, आणि शक्यतो सल्ला देतो की हवेवाली घ्या. आपलाच माल दुकानदाराने असा सांगू नये म्हणतात, पण परत आलेली ट्रान्स्फर केस उचलून आत घेणं आम्हालाच पडतं.

इंजिनांच्या फंदात आम्ही फारसे पडलो नाही. मल्टिफ्युएल इंजिन डिझेल, केरोसीन, वेळ पडली तर पेट्रोलवरही चालतं, म्हणून लोक त्याच्या प्रेमात पडतात. पण बरीच वर्षं उभ्या राहिलेल्या इंजिनाचा फ्युएल पंप आतून जाम झालेला निघतो, आणि त्या पंपाचं हेड खोलणं हे वेगळ्याच माणसाचं काम आहे. इंजिन आहे तसं विकतो आणि पावतीवर तसंच लिहितो.

ब्रेकच्या तेलाबद्दल मात्र प्रत्येकाला थांबवून सांगतो. यातल्या बऱ्याच गाड्यांत सिलिकॉनचं जांभळट डॉट-५ असतं. त्यात साधं डॉट-३ ओतलं तर दोन्ही एकजीव होत नाहीत. डब्यावर आकडा वाढत गेला म्हणजे तेल वरच्या दर्जाचं, असा समज करून घेऊन लोक येतात. तसं नाहीये.

एका चुकीबद्दल मात्र हसता येत नाही. हिरवा आणि तपकिरी, न चमकणारा लष्करी रंग आम्ही सुरुवातीला गॅस कटरने तसाच जाळत होतो. ऐंशीच्या दशकापासून यातल्या गाड्यांवर जो रसायनरोधक रंग आहे, त्यात आयसोसायनेट असतं आणि खालच्या प्रायमरमध्ये क्रोमियम असू शकतं. तो तापला की निघणारा धूर फुप्फुसाला वाईट. भावाला दोन दिवस छातीत घरघर होती, आम्ही समजलो सर्दी. आता कापायच्या रेघेच्या दोन्ही बाजूंचा रंग आधी रासायनिक स्ट्रिपरने काढतो, मास्क लावतो, आणि बोल्ट निघत असेल तर कटर हातात घेतच नाही. वेळ दुप्पट लागतो.

दुकानाचं रूप बदललं ते रॅकमुळे. आधी पार्ट गाडीप्रमाणे ठेवायचो, मग कोणालाच काही सापडायचं नाही. लष्करी सुट्या भागांना तेरा आकडी साठा क्रमांक असतो, पहिले चार आकडे जातीचे. २५२० म्हणजे गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्टची मंडळी. २५३० म्हणजे ॲक्सल, ब्रेक, स्टिअरिंग, चाकं. ३११० म्हणजे बेअरिंग. त्यापुढचे दोन आकडे क्रमांक देणाऱ्या देशाचे. माझ्या मेव्हण्याने एका सुट्टीत सगळे रॅक त्या चार आकड्यांवर लावून दिले. त्यानंतर आमचं निम्मं काम फोनवर होऊ लागलं. लोक नाव सांगत नाहीत, क्रमांक वाचतात, आणि त्यांच्या हातात पार्ट नेमका कुठला आहे ते आम्हाला कळतं.

मध्यंतरी थोडं वेगळं करून पाहिलं. युनिमॉग ४०४चे दोन सांगाडे घेतले. हा १९५५ ते १९८० या काळात बनला. त्याच्या ॲक्सलची टोकं पोर्टल प्रकारची, म्हणजे प्रत्येक चाकाजवळ गिअरची वेगळी जोडी आणि वेगळं तेल. जमिनीपासूनची उंची उत्तम. पण तेलाची भांडी चार वाढली, म्हणजे रेघ शोधायच्या जागाही चार वाढल्या. पहिल्या सांगाड्याची तीन टोकं चांगली निघाली, चौथं दगड झालं होतं. एका चाकाच्या गिअरसाठी गिऱ्हाईक वाट बघायला तयार असतं, हे त्यातून कळलं. दुसरा सांगाडा अजून पूर्ण खोललेला नाही.

सध्या आम्ही चौघे आहोत. अडीच टनी ट्रक आता लिलावात कमी येतात, पाच टनी एम-९३९ जास्त दिसतात. त्यांत ॲलिसनचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतो आणि त्याची तपासणी आम्हाला नव्याने शिकावी लागते आहे. मिस्त्रींना ऑटोमॅटिक आवडत नाही. ‘आत हात घालून कळत नाही’ म्हणतात. तरी मॅन्युअल छापून घेऊन रोज दोन पानं वाचतात, चष्मा नाकाच्या टोकावर आणून.

गेल्या आठवड्यात एका लॉटची यादी आली. चार गाड्या, त्यातल्या एकीचा मीटर १,१००. भावाने यादी फिरवून मिस्त्रींपुढे धरली. त्यांनी आकड्यावर बोट ठेवलं, मग टेबलाखालच्या त्या गिअरकडे बघितलं आणि विचारलं, ‘किती वर्षं उभी आहे, ते कुठे लिहिलंय?’ ते लिहिलेलं नव्हतं. बुधवारी पांढरा ट्रे आणि पाना घेऊन बघायला जातोय.