भराव टाकायच्या आदल्या दिवशी

मालकांनी बोलावलं होतं ते फक्त मापं बघायला. पायाच्या भिंती झाल्या होत्या, दुसऱ्या दिवशी मातीचा भराव पडणार होता. मापं बरोबर निघाली, गुण्याही लागला, म्हणजे कोपरे काटकोनात होते. पण कोपऱ्यात उभा राहिलो आणि उभे सांधे डोळ्यांत खुपले. सलग चार थरांत सांध्यावर सांधा. खालच्या विटेवर वरच्या विटेची निदान पाव विटेची तरी पकड हवी, तर इथे सरळ रेघ खाली उतरली होती.

ओळंबा सोडला. मीटरभर उंचीत भिंत २२ मिलिमीटर बाहेर. आडवे सांधे १० मिलिमीटरच्या आसपास असावेत. इथे कुठे ८, कुठे २५. थर वाकडा गेला की मालाची, म्हणजे सिमेंट-वाळूच्या मिश्रणाची, जाडी वाढवून सावरून घेतलेला. उभ्या सांध्यात खिळा घातला तर सरळ आत गेला. माल फक्त तोंडाशी लिंपलेला, आत पोकळ.

मग वरच्या थरातली एक वीट हाताने हलवली. निघाली! छिन्नी-हातोडा काही लागलं नाही. उलटी करून पाहिली तर तळ स्वच्छ, मालाचा कणसुद्धा चिकटलेला नाही. खालचा माल बोटांनी चोळला, तो वाळूसारखा सुटला. भिंत बांधून सहा दिवस झाले होते.

विटा भिजवल्याच नव्हत्या. कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते, सिमेंटला घट्ट व्हायला पाणी उरत नाही. मग वरून कितीही पाणी मारा, वीट आणि माल एकजीव होत नाहीत.

मिस्त्रींनी लपवलं नाही. "साहेब, दोन दिवस टाकीत पाणी नव्हतं. काम उक्तं घेतलंय, माणसं बसवून कशी ठेवू?" त्यांची अडचण खरी होती. पण अशा वेळी काम थांबवायचं असतं, आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितलं.

मालकांनी विचारलं, "दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलं तर?" प्लास्टरने भिंत झाकली जाते, विटा एकमेकींना धरत नाहीत. ओला भराव बाजूने रेटणार, वरून सगळ्या घराचं वजन येणार. तडे वरच्या खोल्यांत दिसतील आणि तेव्हा पाया उकरणं कुणाच्याच हातात नसेल. मालक बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पाडा."

तीन भिंती उतरवायला दोन बिगारी आणि एक सकाळ पुरली. विटा इतक्या साबूत निघाल्या की बहुतेक पुन्हा वापरता आल्या. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. चांगलं वीटकाम पाडताना वीट फुटते.

नव्याने बांधताना मी जागचा हललो नाही. बुडबुडे थांबेपर्यंत विटा पाण्यात, रचताना विटेची खाच वरच्या बाजूला, प्रत्येक थराला दोरी, दिवसाला मीटरभरच उंची आणि सात दिवस ओली पोती. तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी स्वतःच मला हाक मारून एक वीट उचकटून दाखवली. खालचा माल तिच्यासोबतच आला.

चौथी भिंत ठेवली. तिच्या विटा हलत नव्हत्या, ओळंबाही बरा होता. सांधे १५ मिलिमीटर खोल खरवडून पुन्हा भरून घेतले. मालकांचा खर्च बघून मी हो म्हटलं होतं. जोरात पाऊस झाला की अजूनही त्या बाजूला चक्कर मारतो आणि जोत्यावर केसभर तरी रेघ उमटली आहे का, ते वाकून पाहतो.