द्राक्षबागेतला अर्धा तास

ऑक्टोबर छाटणी उरकली की नाशिकजवळच्या गिरणारे पट्ट्यात पेठ, सुरगाणा, हरसूलकडून मजुरांच्या टोळ्या उतरायला लागतात. मग आमच्या उपकेंद्राचं निम्मं कामही बागांमध्ये सरकतं. गावातली लहान मुलं अंगणवाडीत सापडतात. टोळीतली मुलं आईच्या मागे वेलींखाली असतात, तेव्हा लसींचा डबा घेऊन आपणच जायचं. मी आरोग्यसेविका. बायका सिस्टर म्हणतात.

ही गोष्ट अशाच एका सत्रातली. कुणाची ओळख पटू नये म्हणून मळा आणि माणसं थोडी बदलली आहेत.

लस टोचली की बाळाला अर्धा तास थांबवून ठेवावं लागतं. मुकादमाला हा अर्धा तास भारी खुपतो, कारण काम उक्तं असतं. माझ्यासाठी मात्र तो सोन्यासारखा. एरवी या बायका एका जागी बसलेल्या सापडत नाहीत, आणि नवरे, सासवा आसपास नाहीत असं तर जवळपास कधीच होत नाही. त्या दिवशी पुरुष पलीकडच्या प्लॉटात फवारणीला होते. आशाताईंनी पत्र्याच्या शेडमध्ये गोणपाटावर पाळणा लांबवायचं सगळं मांडलं: माला-एन आणि छाया या गोळ्या, निरोध, अंतरा या दर तीन महिन्यांच्या इंजेक्शनचं कार्ड आणि दाखवायची एक तांबी.

मी तोंड उघडायच्या आतच मुकादमाची बायको म्हणाली, "ती तांबी आमच्यासमोर नका काढू, सिस्टर. मी भोगलीय."

तिने दुसऱ्या बाळंतपणानंतर दवाखान्यातच बसवून घेतली होती. पुढचे तीन-चार महिने पाळी आली की पोटात कळा आणि अंगावरून नुसतं जाणं. डिपिंगला, म्हणजे घड औषधात बुडवायच्या कामाला, बाई सकाळपासून ओळीत उभी असते, आडोसा म्हणजे उसाचं शेत, तेही जवळ असलं तर. दोन कापडं गुंडाळूनही साडी खराब व्हायची. तिने ती काढून टाकली. तांबीने सुरुवातीचे तीन ते सहा महिने रक्तस्राव वाढतो, पुढे बहुतेकींचा तो आटोक्यात येतो. हे मी सांगितलं, तर ती म्हणाली, "तुम्ही आता सांगताय. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर दात-ओठ खाऊन काढले असते की." यावर काय बोलणार? बसवताना आधी हिमोग्लोबिन आणि नंतर हे एक वाक्य, एवढं झालं असतं तर ती तांबी कदाचित अजून जागेवर असती. तांबी ३८० ए प्रकारची असेल तर 10 वर्षं चालते.

मग बांध फुटल्यासारख्या सगळ्याच बोलायला लागल्या. एकीचं ऑपरेशन झालेलं, तेव्हापासून कंबर धरली म्हणे. आमच्याकडे कंबरदुखीचं सगळं बिल ऑपरेशनच्याच नावावर फाडलं जातं, वाकून वाकून काढलेले दिवस कुणी मोजत नाही. "मग नवऱ्याचं का नाही केलं?" आशाताईंनी विचारलं. त्यावर अशी काही खसखस पिकली की एक बाळ दचकून रडायला लागलं. बिनटाक्याची नसबंदी थोड्या मिनिटांत होते आणि ताकदीला काही होत नाही, हे मी दरवर्षी सांगते. हसणं दरवर्षी तेवढंच असतं.

सगळ्यात लहान पोरगी छाया घेत होती. अंगावर पाजणारीला चालते, संप्रेरकांची नाही, लखनौच्या सरकारी संशोधन संस्थेत निघालेली गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. बागेत वार कुणाच्या लक्षात राहतो? हिने युक्ती काढली होती, बाजाराच्या दिवशी हप्ता हातात पडला की गोळी. पाळी पुढे सरकते म्हणून धास्ती वाटते, बाकी काही नाही. तिच्या शेजारची माला-एनच्या फक्त पांढऱ्या गोळ्या घ्यायची. शेवटच्या सात गडद गोळ्या लोहाच्या, "रक्तवाढीच्या तर तुम्ही वेगळ्या देताच," म्हणून त्या फेकून लगेच नवीन पाकीट सुरू. साहजिकच पाळी येईना, आणि ती जीव मुठीत धरून बसलेली. सात दिवस संप्रेरक थांबलं की पाळी येते, तू थांबूच देत नाहीस, असं समजावल्यावर तिचा चेहरा सुटला. पुढच्या वेळी सातही घे म्हटलं.

खरी झुंबड अंतरावर उडाली. हिरव्या साडीतल्या बाईची तीन इंजेक्शनं झाली होती आणि पाळी पार बंद. "ते रक्त जातं कुठं? आत साठून गाठ होईल ना?" हा प्रश्न मला इतक्यांदा आलाय की उत्तर पाठ आहे: आतलं अस्तरच जाड होत नाही, मग गळून पडायला असणार काय. पण तिला ते पटेना. तेव्हा मुकादमाची बायको मध्ये पडली. "अगं, आपण घड जीएत बुडवतो, मग मणी आपल्या मनासारखे फुगतात का नाही? तसंच हे. औषध सांगेल तसं अंग वागतं." जिबरेलिक ॲसिड हे वेलीचं संप्रेरकच. हे मी कधी अशा भाषेत सांगितलं नसतं. हिरवी साडी लगेच गप्प झाली. तिला मूल हवं झालं तर शेवटच्या इंजेक्शननंतर साधारण सात ते दहा महिने धरून चालावं लागेल, तेवढं मी पुढे जोडलं.

या सगळ्यात कोपऱ्यातली एक बाई काहीच बोलत नव्हती. मीच विचारलं, "तुझं काय गं?"

"माला-एन. काही त्रास नाही." जरा थांबून म्हणाली, "मधेच डाग पडतो. आणि त्या गोळीनं लघवी लाल होते, तेवढंच."

बाकीच्या लगेच म्हणाल्या, गरमी असेल, पाणी कमी पडत असेल. मला मात्र पुढचं काही ऐकू येईना. माला-एनने मळमळ होते, डोकं दुखतं, छाती दुखरी होते. लघवी लाल होत नाही. लाल-नारिंगी लघवी करणारं औषध आमच्या कपाटात एकच असतं, आणि ते घेणारी बाई चारचौघींत नाव काढत नाही.

"गोळी घेणारीचा बीपी बघावा लागतो," म्हणत मी तिला खतांच्या खोलीत नेलं. तेही खोटं नव्हतंच. पट्टा गुंडाळता गुंडाळता हळूच विचारलं, "खोकल्याच्या गोळ्या कधीपासून?" तिने आधी दाराकडे बघितलं. पोळ्यानंतर सुरू झाल्या होत्या, गावाकडे. दोन महिने उलटले, थुंकीचा पुढचा रिपोर्ट चांगला आला म्हणून टोळीबरोबर आली. गोळ्या तांदळाच्या डब्यात ठेवते आणि अंधार असतानाच घेते. "कळलं तर ताट वेगळं करतील, सिस्टर."

टीबीच्या औषधातलं रिफाम्पिसिन यकृताला असं कामाला लावतं की माला-एनचं संप्रेरक काम करायच्या आत मोडून निघून जातं. मधे पडणारे डाग त्यामुळेच असण्याची शक्यता होती. म्हणजे शेडमध्ये सगळ्याजणी आपापला त्रास मांडून निदान सुरक्षित होत्या, आणि 'काही त्रास नाही' म्हणणारी रोज नेमाने, एकही न चुकवता, भरवसा नसलेली गोळी घेत होती. टीबीच्या गोळ्या देणाऱ्याने हे विचारलं नव्हतं, कारण सासू शेजारी उभी. माला-एन देणारीला टीबी माहीत नव्हता. दोन रजिस्टरांत एकच बाई, आणि दोन्हीकडे रकाने अगदी पूर्ण भरलेले.

दिवस गेलेत का ते बघायचं निश्चय किट पिशवीत होतं. ती उसात जाऊन आली. पट्टीवर एकच रेघ उमटली तेव्हा तिच्यापेक्षा मलाच हुश्श झालं. मी तिला बजावलं की टीबीची गोळी काही झालं तरी सोडायची नाही, बदलायचं ते दुसरं. तांबी चालेल, अंतरा चालेल, रिफाम्पिसिनचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. तोवर निरोध, आणि आठवड्याने पुन्हा पट्टी.

"त्या इंजेक्शननं पाळी जाते म्हणाली ना ती?" तिने विचारलं.

"जाऊ शकते. आधी काही महिने डाग डाग पडेल, कधी जास्तही जाईल."

"पण नंतर गेली तर बरंच आहे की. इथं धुवायला पाणी कुठंय?"

पाच मिनिटांपूर्वी त्याच पाळीपायी बाहेरची एक बाई घाबरीघुबरी झाली होती.

अंतराचा पहिला डोस डॉक्टरांनी तपासल्यावरच द्यायचा असतो. पुढच्या आठवड्यात पट्टीवर पुन्हा एकच रेघ आली, आणि आशाताई तिला "रक्त तपासायला" म्हणून ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेल्या. मुकादम कुरकुरला, पण त्याच्या बायकोने त्याला एका शब्दात गप्प केलं. तिला काय कळलं होतं, काय नव्हतं, मी विचारलं नाही. टीबीच्या औषधांची नोंद निक्षय या सरकारी ऑनलाइन नोंदवहीवर आमच्याकडे वळवून घेतली, म्हणजे गोळ्यांसाठी दर महिन्याला सुरगाण्याची फेरी नको. त्या गोळ्या आता आशाताई घरी ठेवतात, ती मीठ-मिरची न्यायच्या निमित्ताने येते.

कार्डावर पुढची तारीख फेब्रुवारी अखेरची पडली. तेव्हा काढणीची धांदल असेल आणि टोळी कोणत्या गावात असेल ते मुकादमालाही सांगता येत नाही. म्हणून कार्डाच्या मागे माझा आणि तिच्या गावच्या सिस्टरचा, असे दोन्ही फोन नंबर लिहिले, आणि तारखेच्या दोन आठवडे आधीपासून चार आठवडे नंतरपर्यंत इंजेक्शन चालतं, हे तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.