वाईट नाय

भाच्याचं विमान धावपट्टीवरून उठलं, नाक वर करून सरळ आभाळात शिरलं, तिथे एक उलटी कोलांटी मारून शेपटावर आपटलं. हे सगळं मी त्याच्या खांद्यावरून, चहाचा कप हातात धरून पाहिलं. अपघात मोबाइलात झाला म्हणून पडवीची कौलं वाचली.

चतुर्थीच्या दोन दिवस आधी बहीण आणि भाचा कांदिवलीहून कुडाळला उतरले. तिथून परुळ्याकडच्या आमच्या घरी येईपर्यंत त्याने गाडीतून एकदाही बाहेर पाहिलं नाही, असं रिक्षावाल्याने मला तक्रारीच्या सुरात सांगितलं. भातं पोटरीवर आलेली, सडे म्हणजे कातळाची पठारं हिरवी झालेली, आणि पोरगं मान खाली घालून बसलेलं. तेरा वर्षांचं आहे. पण तो नुसता खेळत नव्हता. विमान बांधत होता.

सिंपलप्लेन्स नावाचा खेळ आहे. त्यात विमान आयतं मिळत नाही, आपणच जोडायचं. धडाचे ठोकळे, पंख, इंजिनं, चाकं एकेक करून लावत जायचं. एक बटण दाबलं की विमानाच्या अंगावर रंगीत गोळे दिसतात. तांबडा गोळा म्हणजे सगळ्या वजनाचा मध्य, निळा म्हणजे पंखांच्या उचलीचा. तांबडा निळ्याच्या थोडा पुढे असला तर विमान शहाण्यासारखं वागतं. तो मागे सरकला की नाक वर, शेपूट खाली आणि पुढे मघाशी सांगितलं ते. बांधून झालं की ते इतर खेळणाऱ्यांपुढे मांडायचं. जगभरातले लोक ते उतरवून घेतात, उडवतात आणि आपलं मत देतात. निदान तशी अपेक्षा असते.

भाच्याने बांधलं होतं ते एटीआर ७२. याला कारण मीच. सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, तेव्हापासून तो सुट्टीत आला की आम्ही स्कूटरवरून त्या सड्याकडे जातो आणि कुंपणाबाहेरून जे दिसेल ते पाहतो. एटीआर हे तसं गरीब दिसणारं विमान. पंख छपरावर, पंखे बाहेर, चाकं पोटाशी. लांबी साधारण सत्तावीस मीटर आणि पंखांचा पसाराही तेवढाच, म्हणजे अंगणात उभं केलं तर चौकोनी खळ्यात बरोब्बर बसेल. त्यातलं माणसांचं दार मागच्या बाजूला असतं. सगळे एकदम मागे गोळा झाले तर विमान शेपटावर बसायचं, म्हणून जमिनीवर असताना शेपटाखाली एक टेकू लावतात. हा टेकू भाच्याने केव्हातरी पाहून ठेवला होता आणि आपल्या विमानालाही लावला होता. फक्त उडतानाचं शेपूट कोण धरणार, हा विचार राहून गेला.

या खेळणाऱ्यांची एक रीत मला फार आवडली. विमान अर्धवट असतानाच त्याचं चित्र दाखवायचं, नव्या घराचा पाया घातल्यावर पाव्हण्यांना दाखवतात तसं. ज्याला ‘पुरं झालं की मला हाक मार’ म्हणायचं असेल त्याने नुसतं ‘टी’ असं एक अक्षर टाकायचं. भाच्याच्या अर्ध्या एटीआरवर चौदा ‘टी’ आले होते. तो ते मोजायचा. आमची आई वटपौर्णिमेला वाणं मोजायची तसं.

चतुर्थीच्या आदल्या रात्री विमान पुरं झालं आणि लोकांपुढे गेलं. सकाळी मी मूर्ती आणायला गणपतीच्या शाळेत निघालो तेव्हा भाचा तोंड पाडून बसला होता. मला वाटलं, कोणी काही वाईट बोललं.

“नाही मामा. एकोणीस जणांनी मस्त म्हटलंय.”

“मग?”

“उडवलं असतं तर मस्त म्हटलं असतं का?”

मी पाट डोक्यावर घ्यायचा थांबलो. पोराचा मुद्दा वकिलाला शोभेल असा होता. ते विमान प्रत्येक उड्डाणात कोलांटी मारत होतं, हे त्याला स्वतःला ठाऊक होतं. घाईत तसंच मांडलं होतं, कोणीतरी उपाय सांगेल म्हणून. एकोणीस जणांपैकी एकानेही कोलांटीचं नाव काढलं नाही. म्हणजे एकोणीस जणांनी नुसतं चित्र पाहिलं, ज्वाळेचं एखादं चिन्ह डकवलं आणि पुढे गेले.

गणपतीच्या शाळेत जाताना तो माझ्याबरोबर आला, आणि बरं झालं. आमच्याकडे ज्या घरात मूर्ती घडतात त्याला शाळा म्हणतात, आणि त्या शाळेत शिकायला गाव जातो ते मुख्यतः बोलायला. आपली मूर्ती न्यायच्या आधी दुसऱ्यांच्या सगळ्या मूर्ती पाहायच्या, हा नेम. ‘ह्याची सोंड जरा जाड झाली.’ ‘पितांबर गेल्या साली बरो होतो.’ ‘डोळे बघ, डोळे. ह्यो माझ्याकडे बघता काय भिंतीकडे?’ मूर्तिकार ओठांत ब्रश धरून ऐकत असतो. कोणाच्या डोळ्यांबद्दलच्या बोलण्यावर उठतो, जवळ जाऊन बघतो आणि एक बारीक रेघ ओढून परत बसतो. बाकीचं ऐकूच आलं नाही असं दाखवतो. कुठलं ऐकायचं ही त्याची विद्या, आणि ती रंगकामापेक्षा कठीण असावी.

आमच्या भागात स्तुतीची बोली काटकसरीची आहे, हे बाहेरच्यांना लवकर कळत नाही. ‘बरा आसा’ म्हणजे पास. ‘वाईट नाय’ म्हणजे पहिला वर्ग. ‘चांगला आसा’ असं कोणी तोंडावर म्हणालं तर माणूस सावध होतो, याला आता उसने पैसे हवेत की काय? ‘मस्त’ फक्त चाकरमानी म्हणतात. ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिन तारकर्लीच्या किनाऱ्यावर, सिंधुदुर्ग किल्ल्यासमोर झाला. लढाऊ विमानं डोक्यावरून गेली तेव्हा माझ्या छातीत धडधड झाली, शेजारची मुलं किंचाळली. पलीकडे वाळूत बसलेले एक म्हातारे गृहस्थ विमान दिसेनासं होईपर्यंत मान वळवून बघत राहिले आणि म्हणाले, “आवाज बरो आसा.” एवढीच दाद. पण ते बघत होते, शेवटच्या ठिपक्यापर्यंत.

आता याचा अर्थ खोड काढणारा प्रत्येक जण बारकाईने बघतो, असं मुळीच नाही. आमच्याच वाडीत एक गृहस्थ आहेत, ते भजनाला आले की दारातूनच ‘गेल्या वर्षीचा मखर बरा होता’ म्हणतात. दर वर्षी, प्रत्येक घरात. हा ‘मस्त’चाच भाऊ, फक्त कडू. त्यांनी आत पाऊल टाकायच्या आधीच मत तयार असतं. मी एका वर्षी मुद्दाम गेल्या वर्षीचाच मखर पुन्हा लावला होता, तरी मत बदललं नाही.

आणि माझं काय? मी तर गावात राहून ‘मस्त’ म्हणणारा माणूस. भजनाला पंधरा घरं होतात, प्रत्येक घरी थर्माकोलच्या जागी आता कापड, बांबू, पुठ्ठा. पोरांनी रात्र रात्र जागून केलेलं असतं, आणि मी टाळ खाली ठेवून उसळ-पावावर नजर ठेवत ‘वा, मस्त’ म्हणतो. भाच्याच्या त्या एकोणीस जणांत मी नव्हतो हा निव्वळ योगायोग.

दुपारी मेस्त्री आले, माटवी बांधायला. गणपतीच्या डोक्यावर टांगायची ही लाकडी चौकट, तिला आंब्याचे टाळे, तेरडा, कवंडळं, सुपारीचा घड, नारळ, तवसं, रानात आणि परसात जे जे त्या दिवसांत मिळतं ते बांधायचं. मेस्त्रींनी उभी हयात होड्या बांधल्या. आता फायबरच्या होड्या आल्यापासून ते दारं-खिडक्या आणि माटव्या बघतात. चौकट टांगली, एका बाजूला दोन नारळ जास्त झाल्यावर ती कलली, तेव्हा त्यांनी एक नारळ सोडून पलीकडे बांधला आणि खाली उतरताना त्यांची नजर भाच्याच्या मोबाइलवर पडली. विमान नेमकं कोलांटी मारत होतं.

“ह्या काय रे?”

“विमान. शेपूट जड होतंय.”

मेस्त्री स्टुलावर बसले. “परत उडव बगू.” पुन्हा कोलांटी. “परत.” तिसऱ्यांदा. मग म्हणाले, “पाठलो भाग बसता. फुडे नीरम घाल.”

भाचा माझ्याकडे बघायला लागला. हा शब्द मलाही लहानपणानंतर पहिल्यांदाच ऐकू येत होता. शिडाची होडी रिकामी निघाली तर पाण्यावर हलकी पडते, वाऱ्याने लवंडते, म्हणून तळाशी दगड-वाळू घालायचे, त्याला नीरम. मी हे समजावलं तेव्हा भाच्याचे डोळे चमकले. खेळातल्या धडाच्या ठोकळ्यात एक सोय आहेच: डेड वेट. काही काम न करणारं, नुसतं वजन. त्याने नाकाच्या ठोकळ्यात ते वाढवत नेलं, तांबडा गोळा हळूहळू निळ्याच्या पुढे सरकला, आणि एटीआर पहिल्यांदाच सरळ उडालं. मेस्त्रींनी ते उतरेपर्यंत पाहिलं. काही न बोलता चहा घेतला आणि पुढच्या घरी गेले. भाचा विचारत राहिला, “त्यांना आवडलं का?” मी म्हटलं, तीनदा उडवायला लावलं ना तुला.

गोष्ट इथे संपायची, पण तिसऱ्या दिवशी परदेशातल्या कुठल्याशा खेळाडूने भाच्याचंच पहिलं विमान घेऊन, त्यात बदल करून ते पुन्हा मांडलं. या खेळात असं चालतं. मूळ कोणाचं हे नव्या विमानावर दिसत राहतं. भाचा आधी भडकला. “माझं विमान त्याने मोडलं!” मग उडवून पाहिलं. त्या मुलाने नाकात वजन घातलंच नव्हतं. पंख थोडे मागे सरकवले होते, बस. तांबडा गोळा जागेवर, निळाच मागे गेला. वर दोन ओळी होत्या: कोलांटी मलाही पाच वेळा बसली, पण दार आणि टेकू झकास, ते तसेच ठेवले आहेत.

पाच वेळा. भाच्याने हा आकडा मला वाचून दाखवला, एकोणीसपेक्षा मोठा असल्यासारखा.

संध्याकाळी आरतीला मेस्त्री पुन्हा भेटले तेव्हा त्याने धावत जाऊन दाखवलं. मेस्त्रींनी मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरला. होडीत पंख मागे सरकवता येत नाहीत, त्यामुळे हा इलाज त्यांना नवा असावा. बराच वेळ बोटाने पडदा खालीवर करत राहिले. “वजन न घालता केल्यान?” एवढंच विचारलं. मग आरतीचं घुमट वाजू लागलं, त्या आवाजात पुढचं काही ऐकू आलं नाही.

कांदिवलीत भाच्याच्या घरापासून चारकोप जवळ. तिथल्या एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादवांनी सहा आसनांचं खरं विमान बांधलं, २०१६ च्या फेब्रुवारीत ते मुंबईतल्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं आणि २०१७ मध्ये त्याला नोंदणी मिळाली. भाच्याला ही हकिगत पाठ आहे. मला मात्र सारखं वाटतं ते खालच्या मजल्यावरच्या लोकांबद्दल. वर्षानुवर्षं डोक्यावर ठोकाठोक ऐकून त्यांनी जिन्यात काय काय म्हटलं असेल? त्यातला एखादा तरी वर जाऊन पंखाला हात लावून आला असेल का?

चौथ्या रात्री भजन आटोपून मी आलो तेव्हा भाचा जागा होता. त्याच्यासमोर आता दुसऱ्याचं विमान होतं, पाण्यावर उतरणारं. कोणीतरी, बहुधा त्याच्याच वयाच्या मुलाने, बांधलेलं. सुंदर दिसत होतं, पांढरं, खाली होडीसारखं पोट. पण पाण्याला टेकलं की नाक बुडायचं आणि विमान उलटायचं. त्यावर सव्वीस जण मस्त म्हणून गेले होते.

“मामा, नाक बुडतं हे कसं सांगू? त्याला वाईट वाटेल.”

मी म्हटलं, आधी सांग किती वेळा उतरवलंस.

“अकरा.”

“मग अकरा लिही.”

त्याने लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. होडीच्या नाळेसारखं, म्हणजे पुढच्या टोकासारखं, नाक वर उचललेलं हवं, हे त्याला सुचवायचं होतं. नाळेला इंग्रजीत काय म्हणतात ते मला विचारलं, मी सांगितलं, त्याने मान हलवली आणि काही तिसरंच टाइप केलं. मी अंथरुणावर पडलो. मध्यरात्रीनंतर कधीतरी पाणी प्यायला उठलो तर पडवीत अजून मोबाइलचा उजेड होता. बाहेर पावसाची सर आली होती, आणि ते पांढरं विमान बाराव्यांदा, की तेराव्यांदा, हळूहळू पाण्याकडे उतरत होतं.