चार म्हणजे बंद: बॅकलाइटचा ड्रायव्हर नीट करताना

अंधेरी एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या कंपनीत बॅटरीवर चालणारं हातातलं यंत्र बनतं. त्याचा लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) नव्या आवृत्तीवर न्यायचं काम माझ्याकडे आलं, आणि त्यासोबत एक जुनी तक्रारही: यंत्र झोपून उठलं की स्क्रीन काळी.

कोड उघडताच कारण सापडलं. स्क्रीन बंद करायची म्हणून बॅकलाइटचा, म्हणजे स्क्रीनमागच्या दिव्याचा, ड्रायव्हर (तो दिवा चालवणारा कर्नलमधला कोड) ब्राइटनेसच्याच खात्यात शून्य लिहीत होता. वापरणाऱ्याने ठेवलेला आकडा पुसला गेल्यावर उठताना परत आणणार काय? ब्राइटनेस ही माणसाची मागणी, पॉवर ही दिव्याची अवस्था. पहिलीला ड्रायव्हरने हात लावायचाच नाही.

अवस्थांचे आकडेही गमतीशीर. दिव्याची अवस्था ठेवणाऱ्या 'बीएल पॉवर' या फाईलमध्ये 0 म्हणजे चालू, 4 म्हणजे बंद. मधले आकडे फ्रेमबफरकडून, म्हणजे कर्नलच्या जुन्या स्क्रीन-व्यवस्थेकडून, वारशाने आलेले. त्यातले 2 आणि 3 तर सीआरटी (जुन्या काचेच्या नळीच्या) मॉनिटरचे, चित्र जागेवर बसवणारे सिंक सिग्नल थांबवण्यासाठीचे. एलईडीच्या पट्टीला सिंक कसला डोंबलाचा? 2024 मध्ये कर्नलने बॅकलाइटला स्वतःची नावं दिली: पॉवर ऑन आणि पॉवर ऑफ. जुन्या ड्रायव्हरांसाठी 'रिड्यूस्ड' (कमी केलेली) ही मधली अवस्था ठेवलीय, पण नव्या कोडमध्ये वापरू नका अशी टीप लावून. ऑफची किंमत मात्र 4 च राहिली, कारण हा आकडा कर्नलबाहेरच्या प्रोग्रामांनाही दिसतो.

मी अवस्था तपासणाऱ्या सगळ्या अटी काढल्या आणि कर्नलमधलं तयार फंक्शन वापरलं. पॉवर बंद असेल किंवा यंत्र झोपलं असेल तर ते शून्य देतं, नाहीतर मागितलेला ब्राइटनेस. मागणी जागच्या जागी राहते.

हार्डवेअरवाला म्हणाला, "अरे, शून्य आलं की सप्लायपण तोड. नुसती पीडब्ल्यूएम (उजेड कमीजास्त करणारा, झपाट्याने चालू-बंद होणारा सिग्नल) शून्यावर नेलीस तर दिव्याची चिप बॅटरी खातच बसेल." खरंच होतं. आता आधी पीडब्ल्यूएम बंद, मग सप्लाय देणारा रेग्युलेटर. चालू करताना उलट क्रम.

पॉवर चालू आणि ब्राइटनेस शून्य, तेव्हा काय? काही ड्रायव्हर दिवा विझवतात, काही अगदी मंद ठेवतात. आम्ही विझवतो, बॅटरी आमची आहे.

तपासणी टेबलावरच्या जुन्या स्क्रिप्टला हात लावावा लागला नाही. ती पूर्वीसारखीच 4 लिहिते.